‘हे बूट आता मला लागणार नाहीत’

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची. ओहायोतल्या एका विद्यापीठाच्या क्रॉस-कंट्री संघात आहे. सप्टेंबरात नडगीला स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला बारीक तडा) झालं आणि धावणं बंद पडलं. फोनवर ‘हो’, ‘नाही’पलीकडे बोलत नाही. परवा तिने धावायचे सगळे बूट रूममेटला देऊन टाकले. म्हणाली, ‘मला आता लागणार नाहीत.’ हे म्हणतात, खेळ सुटला तर बरंच, अभ्यास करेल. आत्महत्येबद्दल विचारलं तर नसतं खूळ तिच्या डोक्यात शिरेल का?
– एक आई, न्यू जर्सी

उत्तर : ताई, तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी तुम्हाला ई-मेलने कळवलं. इथे छापते आहे ते इतर आईवडिलांसाठी.

विचारल्याने खूळ शिरत नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून मूल मोकळं होतं, हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे. फक्त ‘असलं काही करणार नाहीस ना?’ असं विचारू नका. त्यात ‘नाही’ हेच उत्तर आपण तिच्या तोंडी घालतो. सरळ विचारा, ‘तुझ्या मनात मरणाचे, जीव देण्याचे विचार येतात का?’ आणि मग गप्प राहा, तिला बोलू द्या. लगेच समजूत घालायला जाऊ नका.

लाडक्या वस्तू वाटून टाकणं ही धोक्याची खूण आहे. बूट दिले म्हणजे तेच मनात आहे असं नाही, पण विचारायला तेवढं कारण पुरे.

ती ‘हो’ म्हणाली, तर तिला एकटं ठेवू नका. रूममेटला जवळ बसायला सांगा, गोळ्याबिळ्या तिच्या हाताशी राहू देऊ नका, ९८८ला (अमेरिकेतली आत्महत्या-प्रतिबंध हेल्पलाइन) फोन किंवा मेसेज करा आणि तुम्ही निघा. जिवाला आत्ताच धोका वाटला तर ९११, म्हणजे तातडीच्या मदतीचा नंबर. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका.

अठरा पूर्ण झाल्यामुळे विद्यापीठ तुम्हाला तिच्याबद्दल सहसा काही सांगणार नाही. पण तुम्ही त्यांना सांगू शकता, त्याला कायद्याची आडकाठी नाही. समुपदेशन केंद्राला आणि संघातल्या दुखापती पाहणाऱ्या अ‍ॅथलेटिक ट्रेनरला आजच कळवा. ती जेवते का, पाळी नियमित आहे का, हेही डॉक्टरांना तपासायला सांगा. धावणाऱ्या मुलींत स्ट्रेस फ्रॅक्चरच्या मागे पुष्कळदा कमी खाणं असतं, आणि उपाशी शरीरात मनही खचतं.

‘ह्यांना’ माझा निरोप द्या. तिचा फक्त खेळ सुटलेला नाही. पहाटेचा सराव, सोबतच्या मुली, एकत्र जेवण, दमून लागणारी झोप, सगळं एका दिवसात गेलं. २००२ ते २०२२ या काळात एनसीएएच्या (अमेरिकेतली महाविद्यालयीन खेळांची संघटना) ११०२ खेळाडूंच्या मृत्यूंची नोंद तपासली गेली, त्यांत १२८ आत्महत्या होत्या. पहिल्या दहा वर्षांपेक्षा पुढच्या दहा वर्षांत त्यांचं प्रमाण दुप्पट झालं. अशा वेळी ‘बरंच झालं’ हे वाक्य तिच्या कानावर पडता कामा नये.

भारतातल्या वाचकांसाठी : टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. फोन मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, आणि मराठीतून बोलता येतं.