कंपनीने दबाव टाकून राजीनामा घेतला. हुद्दा मॅनेजरचा असला तरी कामगार न्यायालयात जाता येतं का?

येतं. पण तुम्हाला ज्याची भीती वाटतेय ते फार मोठं नाही, आणि जे तुम्ही जाता जाता एका ओळीत सांगितलंय तिथेच खरी अडचण आहे.

आधी भीतीबद्दल. तुम्ही लिहिलंय, चाकणच्या कारखान्यात सहा वर्षं क्वालिटीत होतो, पदनाम 'असिस्टंट मॅनेजर', पगार ३२,०००, आणि एचआर म्हणतो मॅनेजरला लेबर कोर्ट नसतं. मी कामगार न्यायालयात वकिली करतो, हे वाक्य अशील नेहमीच ऐकून आलेले असतात. न्यायालय पदनाम बघत नाही, काम बघतं. व्हर्नियर (मोजमापाचं साधन) हातात घेऊन तयार भाग तुम्हीच तपासत होतात ना? कुणाची रजा मंजूर करायचा, कुणाला मेमो द्यायचा, कुणाला कामावर घ्यायचा अधिकार होता का? नसेल, तर नेमणूक पत्रात काहीही छापलेलं असो, तुम्ही तांत्रिक काम करणारे कामगार ठरू शकता. आणि पगाराची मर्यादा असते ती मुख्यतः सुपरवायझरचं काम करणाऱ्यांना. जुन्या कायद्यात ती १०,००० होती, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत १८,००० आहे. तांत्रिक कामाला अशी मर्यादा नाही. तुमच्या सहीचे तपासणी अहवाल, शिफ्टचं वेळापत्रक, वरच्या साहेबाने मंजूर केलेले तुमचे रजेचे अर्ज, जे हाती असेल ते जपून ठेवा. कंपनीची ड्रॉइंग मात्र घरी आणू नका, नाहीतर उलट चोरीचा आरोप अंगावर यायचा.

आता राजीनामा. कामगार कपात करायची तर कंपनीला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. तुमच्या बाबतीत ही भरपाई ढोबळमानाने ९५ हजारांच्या आसपास जाते. गैरवर्तनासाठी काढायचं तर चार्जशीट, म्हणजे कंपनीचं लेखी आरोपपत्र, आणि चौकशी. हे सगळं दोन ओळींच्या राजीनाम्याने टळतं, म्हणून तर अर्धा तास खोलीत बसवून ठेवलं तुम्हाला. ग्रॅच्युइटी मात्र राजीनामा दिला तरी बुडत नाही, पाच वर्षं झालेली आहेत. हिशेबाचा पगार नव्या वेतन संहितेप्रमाणे दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवा.

न्यायालय पहिला प्रश्न विचारणार, दबाव होता तर तक्रार कधी केली? चार दिवसांत केलेल्या तक्रारीला वजन असतं, चार महिन्यांनी केलेली नंतर सुचलेली वाटते. म्हणून आजच पत्र लिहा. कोण खोलीत होतं, काय धमकी दिली, राजीनामा स्वखुशीचा नाही, मी कामावर यायला तयार आहे. मेल करा आणि पोच मिळेल अशा पद्धतीने पोस्टानेही पाठवा, एक प्रत कामगार आयुक्त कार्यालयात द्या. फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या, कागदावर सही करावीच लागली तर 'हक्क राखून' असं हाताने लिहा.

पुढे दोन वाटा आहेत. एक, समेट अधिकाऱ्यापुढे, म्हणजे दोन्ही बाजूंत तडजोड घडवू पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापुढे, वाद नेणं. पूर्वी त्याला तीन वर्षांची मुदत होती, नव्या संहितेत दोन. दुसरी खास महाराष्ट्राची, अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा १९७१ चा कायदा. तिथे समेटाची पायरी नाही, थेट न्यायालयात तक्रार करून अंतरिम आदेशही मागता येतो, पण मुदत ९० दिवसांची. दोन्हीकडे एकदम जाता येत नाही. तुम्हाला जेमतेम आठवडा झालाय, मी तुमच्या जागी असतो तर दुसरी धरली असती.

मागच्या पगाराचं, म्हणजे नोकरी गेल्यापासूनच्या काळातल्या पगाराचं विचारलंय. दीपाली सुरवसे या औरंगाबादच्या शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं की सेवासमाप्ती बेकायदा ठरली तर मागच्या पगारासह पुन्हा कामावर घेणं हा सर्वसाधारण नियम. पण या काळात दुसरीकडे कमावत नव्हतो, हे तुम्ही आधी सांगावं लागतं, मग ते खोटं पाडायची जबाबदारी कंपनीची. दरम्यान पोटासाठी नोकरी शोधा, मिळाली तर कराही, फक्त न्यायालयापासून लपवू नका. पीएफचा उतारा काढून कंपनीचे वकील ते पहिल्याच उलटतपासणीत समोर ठेवतात.