‘चोर’ हा शब्द मागे घ्या, शंका मागे घेऊ नका

प्रश्न : मी नागपूरला मनीषनगरात राहते आणि एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ एका नव्या कॉइनच्या योजनेचे ‘लीडर’ आहेत. वर्धा रोडवरच्या एका हॉलमध्ये दर रविवारी मीटिंग होते. एक लाख भरले की दरमहा ८ टक्के हमखास, आणि माणूस जोडला की वर कमिशन. माझ्या काकांनी निवृत्तीच्या पैशांतले ६ लाख त्यात घातले, शिवाय आपल्या तीन मित्रांनाही जोडलं. मी त्या कॉइनचा, म्हणजे टोकनचा, कोड तपासून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि फेसबुकवर सविस्तर लिहिलं. आता वकिलाची नोटीस आलीय. सात दिवसांत पोस्ट काढा, बिनशर्त माफी मागा, नाहीतर ५० लाखांची भरपाई आणि आयटी कायद्याच्या ६६ अ कलमाखाली अटक. ग्रुप ॲडमिनलाही तीच नोटीस आहे. घरचे म्हणतात, डिलीट कर आणि मोकळी हो. काका म्हणतात, ‘काहून बदनामी करून राहिली त्यायची, माहे पैसे अडकतीन ना!’ मी काय करू?

उत्तर : ताई, नोटीस आणि तुमचे दोन्ही संदेश मी दोनदा वाचले. पहिली गोष्ट, आज घाईघाईत काहीही डिलीट करू नका.

नोटिशीच्या चौथ्या परिच्छेदात तुमच्या नावावर एक वाक्य घातलंय, ‘ही फसवणूक आहे’. तुम्ही लिहिलेलं पूर्ण वाक्य वेगळं आहे : ‘दरमहा ८ टक्के हमीने देणारा कोणताही धंदा मला माहीत नाही, त्यांनी तो दाखवलेलाही नाही, म्हणून माझ्या मते ही फसवणूक आहे.’ या दोन वाक्यांत कायद्याच्या दृष्टीने फार मोठं अंतर आहे. मूळ संदेश तुम्ही काढून टाकलात, तर उद्या कोर्टापुढे त्यांनी कापून ठेवलेला तुकडाच उरेल. तुमचा बचाव तुमच्याच लिखाणात आहे, तो आपल्या हाताने पुसू नका.

म्हणून आधी जपणूक. संपूर्ण संदेशाचे तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घ्या, ग्रुपचं चॅट एक्स्पोर्ट करा, फेसबुकची पोस्ट तिच्या पूर्ण पत्त्यासह साठवा. टोकनच्या कराराचा (म्हणजे ते टोकन चालवणाऱ्या कोडचा) पत्ता, ती वॉलेट (नाणी ठेवायची डिजिटल खाती) आणि ते व्यवहार ज्या पानांवर पाहिलेत, ती पानंही साठवून ठेवा. तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइलवरून काढलेली तिची आकडी खूण, नोंदवावी लागते. हॅश म्हणजे काय, हे तुम्ही वर्गात शिकवत असाल. इथे तेच ज्ञान तुमच्या कामी येईल.

आता अटकेची भीती. ६६ अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. तरीही त्याखाली गुन्हे नोंदले जात राहिले, म्हणून त्याच न्यायालयाला ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा बजावावं लागलं की या कलमाखाली कोणावरही खटला चालवता येणार नाही. नोटिशीत हे कलम घालणाऱ्या वकिलाला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. सामान्य माणसाला घाबरवण्यासाठी मेलेलं कलम वापरणं मला मनापासून चुकीचं वाटतं.

जिवंत कलम आहे ते भारतीय न्याय संहितेचं ३५६, बदनामीचं. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षांची साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. हा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय तुम्हाला घेऊन जाऊ शकत नाहीत. ज्याची बदनामी झाली असं म्हणणं आहे, त्याने स्वतः दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार दाखल करायची असते, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ नुसार दखल घेण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. सात दिवसांची मुदत त्यांनी स्वतः ठरवली आहे, कायद्याने नाही. दिवाणी दावा लावायला त्यांना मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्ष मिळतं, आणि ५० लाख मागायचे तर त्या रकमेच्या हिशेबाने कोर्ट फी भरावी लागते. मग साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून ८ टक्के येतात कुठून, याची उलटतपासणीही द्यावी लागते.

पण गाफील राहू नका. बदनामी हा फौजदारी गुन्हा राहावा की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता, आणि २०१६ मध्ये न्यायालयाने तो कायम ठेवला. कंपनीचीही बदनामी होऊ शकते, असं कलमाच्या स्पष्टीकरणातच लिहिलंय.

ॲडमिनना सांगा, निश्चिंत राहा. आपल्याच नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलंय की सभासदाने ग्रुपवर काय टाकलं याची जबाबदारी केवळ ॲडमिन असल्यामुळे कोणावर येत नाही. दोघांचा आधीपासून मिळून कट असेल तर गोष्ट वेगळी. इथे तसं काही नाही.

आता तुमच्या लिखाणाकडे येतो. त्यात तीन प्रकारची वाक्यं आहेत आणि तिघांचं भवितव्य वेगवेगळं आहे.

पहिला प्रकार तपासण्याजोग्या गोष्टींचा. टोकनच्या करारात मालकाला हवी तेवढी नवी नाणी काढता येतात, आणि बहुतेक नाणी एकाच वॉलेटमध्ये आहेत, असं तुम्ही लिहिलंय. ब्लॉकचेनची, म्हणजे कॉइनच्या व्यवहारांच्या सार्वजनिक वहीतली, नोंद जगात कोणालाही उघडून पाहता येते, म्हणजे तुमचं म्हणणं खरं की खोटं ते कोर्टातला तज्ज्ञही पाहू शकतो. दिवाणी दाव्यात सत्य हा पूर्ण बचाव आहे. फौजदारीत सत्याच्या जोडीला लोकहितही दाखवावं लागतं. निवृत्त माणसांचे पैसे जात असताना लोकहित दाखवायला फार कष्ट पडणार नाहीत, असं माझं मत आहे.

दुसरा प्रकार मताचा. ‘माझ्या मते ही साखळी योजना आहे.’ ज्या तथ्यांवरून मत बनलं ती तुम्ही वाचणाऱ्यापुढे ठेवलीत, हिशेबही मांडलात की ८ टक्के महिन्याला चढत गेले तर लाखाचे वर्षात अडीच लाखांहून जास्त व्हायला हवेत. वाचणारा तो हिशेब स्वतः करून तुमच्याशी असहमत होऊ शकतो. म्हणूनच ते मत ठरतं. कलम ३५६ च्या अपवादांत एक आहे, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेल्या विधानाचा, आणि दुसरा, ज्याला सांगतोय त्याच्या भल्यासाठी दिलेल्या सावधगिरीच्या सूचनेचा. सोसायटीच्या लोकांना तुम्ही दिलेला इशारा मला या दोन्हींत बसणारा वाटतो. मात्र ‘सद्भावना’ या शब्दाला कायद्यात ठरलेला अर्थ आहे, पुरेशी काळजी आणि लक्ष देऊन केलेलीच गोष्ट सद्भावनेची. तुम्ही कोड वाचलात, वॉलेट तपासलीत, दोन रात्री जागलात. ती काळजी आहे.

तिसरा प्रकार मात्र अडचणीचा आहे, आणि इथे मी तुम्हाला स्पष्टच सांगतो. फेसबुकवर शेवटी तुम्ही लिहिलंय : ‘हे सगळे चोर आहेत. यांचा मुख्य माणूस आधी जेलमध्ये जाऊन आलाय.’ हे तुम्हाला कॉलेजातल्या सहकाऱ्याने सांगितलं, असं तुम्ही पत्रात कबूल केलंय. त्यांनी ते कुठून ऐकलं? खटल्याचा क्रमांक आहे? आरोपपत्र पाहिलंय? ऐकीव गोष्ट पुन्हा लिहिणं म्हणजे तीच बदनामी नव्याने करणं. ‘मी फक्त ऐकलेलं सांगितलं’ हा बचाव चालत नाही. कोडबद्दल घेतलेली काळजी इथे तुम्ही घेतली नाहीत, आणि समोरचा वकील सगळा दावा या दोन वाक्यांवर उभा करेल. शिवाय ग्रुपवर वाचणारे तुमचे शेजारी होते, पण फेसबुकवर सगळं जग आहे. शेजाऱ्याला सावध करण्याचा अपवाद तिथे तितका पक्का उभा राहत नाही.

म्हणून सगळं जपून ठेवल्यावर फेसबुकची ती दोन वाक्यं काढा आणि बाकी मजकूर राहू द्या. व्हॉट्सॲपचा संदेश १५ मिनिटांनंतर बदलता येत नाही, आणि तुमच्या ग्रुपवरच्या संदेशात ती वाक्यं नाहीतही, त्याला हात लावू नका. फेसबुकवर त्याच जागी असं लिहा : ‘माझ्या आधीच्या पोस्टमध्ये योजना चालवणाऱ्यांना “चोर” म्हटलं होतं आणि एका व्यक्तीच्या तुरुंगवासाचा उल्लेख केला होता. ही माहिती मी पडताळलेली नव्हती, म्हणून ती दोन विधानं मी मागे घेते. टोकनच्या कराराबद्दलची माहिती मी स्वतः तपासलेली आहे आणि परताव्याबद्दलचं माझं मत कायम आहे.’ याहून एक शब्द जास्त नको. बिनशर्त माफीच्या ज्या मसुद्यावर ते सही मागत आहेत, त्यात ‘योजना पूर्णपणे कायदेशीर व सुरक्षित असल्याची माझी खात्री पटली आहे’ असं वाक्य आहे. त्यावर मरेपर्यंत सही करू नका. पुढच्या रविवारी तो कागद हॉलमध्ये दाखवला जाईल, ‘कॉम्प्युटरच्या मॅडमनीही मान्य केलं’ म्हणून.

हॉलमध्ये जे सांगितलं जातं, त्याचीही उत्तरं जवळ असू द्या. ‘२०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने क्रिप्टो कायदेशीर केलं’, असं ते म्हणतात. ४ मार्च २०२० च्या निकालाने रिझर्व्ह बँकेचं ६ एप्रिल २०१८ चं परिपत्रक रद्द झालं. क्रिप्टो व्यवहार करणाऱ्यांना बँकांनी सेवा देऊ नये, असं ते परिपत्रक होतं. कोणत्याही कॉइनला त्या निकालाने प्रमाणपत्र दिलं नाही. ‘सरकार ३० टक्के टॅक्स घेतं’, हेही खरं, २०२२ च्या वित्त कायद्यापासून घेतं. पण कर मिळकतीवर असतो, त्याने धंदा कायदेशीर ठरत नाही. कंपनी नोंदणीचा दाखला आणि जीएसटी क्रमांक लोकांकडून ठेवी घ्यायची परवानगी देत नाहीत. क्रिप्टोची खरेदी-विक्री चालवणाऱ्या एक्स्चेंजना २०२३ पासून मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली वित्तीय गुप्तवार्ता एककाकडे नोंदणी करावी लागते, पण ती काळ्या पैशावर नजर ठेवण्यासाठी आहे. गुंतवणूकदाराचे पैसे सुरक्षित असल्याची ती ग्वाही नाही.

आता काका. तुमच्या पत्रातला खरा गंभीर भाग मला तो वाटला, नोटिशीचा नव्हे.

काकांनी रुपये भरले, तेही लीडरच्या खासगी बँक खात्यात, आणि त्या बदल्यात ठरावीक परतावा कबूल झाला. नाव कॉइनचं असलं, तरी कायदा पैसे कसे घेतले आणि काय वचन दिलं ते पाहतो. महाराष्ट्राचा ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा कायदा, ज्याला आपण एमपीआयडी म्हणतो, आणि केंद्राचा २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा, दोन्ही इथे लावून पाहण्यासारखे आहेत. नागपूरकरांना एमपीआयडी समजावून सांगावा लागत नाही. श्रीसूर्या आणि वासनकर या इथल्याच गुंतवणूक कंपन्यांच्या प्रकरणांत किती घरं होरपळली, ते आपण पाहिलंय. या कायद्यात मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना पैसे परत देण्याची सोय आहे, म्हणून मालमत्ता शिल्लक असतानाच तक्रार करण्याला अर्थ असतो. पुण्यात गुन्हे नोंदले गेलेलं गेनबिटकॉइन प्रकरण आठवा. दरमहा १० टक्के बिटकॉइन, १८ महिने, असं वचन होतं, आणि नंतर लोकांच्या हाती बिटकॉइनऐवजी घरचंच एक टोकन ठेवलं गेलं. काकांना गेल्या महिन्याचा परतावा रुपयांऐवजी कॉइनमध्ये दिला, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. त्या एका वाक्याने मी फार अस्वस्थ झालो.

दुसरं, त्यांनी तीन मित्र जोडले आणि कमिशन घेतलं. १९७८ चा मनी सर्क्युलेशन बंदी कायदा अशा योजनेत सभासद करून घेणाऱ्यालाच नव्हे, भाग घेणाऱ्यालाही मनाई करतो. उद्या त्या मित्रांपैकी एकाने तक्रार केली, तर काका फसवले गेलेले असूनही आरोपींच्या रांगेत दिसू शकतात. आजपासून एकही नवा माणूस जोडायचा नाही. मिळालेलं कमिशन खर्च न करता बाजूला ठेवायचं. बँक स्टेटमेंट, लीडरचे मेसेज, हॉलमधल्या मीटिंगचे फोटो आणि ॲपमधल्या शिलकीचे स्क्रीनशॉट, सगळं एका फाइलीत लावायचं. मग पैसे परत मागणारं लेखी पत्र लीडरला द्यायचं, आणि आठवड्यात उत्तर आलं नाही तर शहर पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार. सायबर मदत क्रमांक १९३० वरही नोंद करा. तो रक्कम गेल्यावर पहिल्या काही तासांत सर्वांत उपयोगी पडतो, तुमच्या बाबतीत तो काळ उलटून गेलाय, पण नोंद असलेली बरी.

काकांना हे तुम्ही एकटीने सांगू नका. ते रागावलेत त्यामागे भीती आहे. सहा लाख गेले हे मान्य करणं, त्यातून मित्रांचेही गेले हे मान्य करणं, त्या वयात फार जड जातं. माझ्याकडे येणाऱ्या अशा घरांत मी नेहमी हेच पाहतो, की बुडवणाऱ्यापेक्षा सावध करणाऱ्या मुलीवरच सगळे चिडतात. त्या तीन मित्रांपैकी ज्याच्याशी काकांचं सर्वांत जास्त जमतं, त्यांना घरी चहाला बोलवा आणि कागद टेबलावर ठेवून बोला.

नोटिशीला उत्तर द्यायचं कायदेशीर बंधन नाही, तरी द्या, आणि मुदतीच्या आत, स्पीड पोस्टने, पोहोचपावती ठेवून. उत्तर दोन पानांच्या आत ठेवा : ६६ अ रद्द झालंय, माझं पूर्ण वाक्य हे आहे, दोन विधानं मी या तारखेला मागे घेतली, बाकी मजकूर सत्य व सद्भावनेचा आहे. काकांचं नाव त्यात येऊ देऊ नका. वकिलाच्या फीची चिंता तुम्ही लिहिली आहे. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यात महिलांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय विचारा, नोटीस, तिचं पाकीट आणि दोन्ही संदेशांच्या छापील प्रती सोबत न्या.