'स्लम' म्हणजे नेमकं काय? बीडकडच्या ऊसतोड कामगारांच्या कोपीला स्लम म्हणता येईल का?

नाही, एका कोपीला किंवा झोपडीला स्लम म्हणत नाहीत. स्लम म्हणजे शहरातली दाटीवाटीची, पाणी-गटार-संडासाची सोय नसलेली अख्खी वस्ती. एकट्या घरासाठी इंग्रजीत हट किंवा शॅक म्हणतात. कोपीचं तर वेगळंच आहे: बांबूचा सांगाडा, वर उसाचं पाचट (वाळलेली पानं) नाहीतर ताडपत्री, आत वाकून शिरायचं, आणि गाळप हंगाम संपला की मोडून गावाकडं निघायचं. तिला कोपीच लिहा, इंग्रजी लेखातसुद्धा, आणि कंसात दोन शब्दांत अर्थ द्या. तांडाही स्लम नाही, ते बंजारा समाजाचं गाव आहे. कोपीचं किंवा तांड्याचं 'स्लम' असं भाषांतर वाचलं की मला फार लागतं.

स्लमचा हा अर्थ मी कायद्याच्या आणि जनगणनेच्या व्याख्येवरून सांगतोय. 2011 च्या जनगणनेत, जाहीर झालेल्या झोपडपट्ट्यांशिवाय, साधारण 60-70 कुटुंबांची किंवा किमान 300 लोकांची अशी दाट, गैरसोयीची वस्ती स्लम धरली होती. महाराष्ट्राचा झोपडपट्ट्यांबद्दलचा 1971 चा कायदा आहे, त्यात झोपड्याच असायला हव्यात असंही नाही. राहायला अयोग्य झालेल्या पक्क्या इमारतींचा भागही त्यात बसतो. म्हणून 'झोपडपट्टी' हा प्रतिशब्द रूढ असला तरी तंतोतंत नाही.

एक मात्र सांभाळा. सरकारी कागदावर स्लम चालतं, पण तिथं राहणाऱ्या माणसाशी बोलताना 'तुमची वस्ती' किंवा 'तुमचं नगर' म्हणा.