सरकारचा खर्च अधिक म्हणजे आर्थिक स्वातंत्र्य कमी का?

प्रश्न : आर्थिक स्वातंत्र्याच्या जागतिक क्रमवारीत डेन्मार्क भारताच्या कितीतरी पुढे असतो. मात्र तेथील सरकार देशाच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपास रक्कम खर्च करते, तर आपल्याकडे हे प्रमाण एक तृतीयांशाहूनही कमी आहे. मग ‘सरकारी खर्च जितका कमी, तितके स्वातंत्र्य अधिक’ हे म्हणणे चूक मानावे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ते सर्वस्वी चूक नाही, पण फार अपुरे आहे. अमेरिकेतील हेरिटेज फाउंडेशन १९९५ पासून जी क्रमवारी प्रसिद्ध करते, तिच्यात बारा घटक असून सरकारी खर्च हा त्यांपैकी केवळ एक आहे. या घटकाचे गुण काढताना खर्चाच्या टक्केवारीचा वर्ग करून त्याला ०.०३ ने गुणतात आणि येणारी संख्या शंभरातून वजा करतात. म्हणजे जीडीपीच्या ३० टक्के खर्च करणाऱ्या देशाला ७३ गुण मिळतात, तर ५० टक्के खर्च करणाऱ्याला अवघे २५. या घटकात डेन्मार्क भारताच्या बराच मागे पडतो. तो पुढे जातो ते मालमत्तेचे हक्क, न्यायालयांची विश्वासार्हता, भ्रष्टाचाराचा अभाव आणि उद्योग सुरू करण्यातली सुलभता यांच्या बळावर. तेथे कायद्याने ठरवलेले किमान वेतनसुद्धा नाही. ते कामगार संघटना आणि मालक आपसांत ठरवतात.

आपण नाशिकचे आहात, म्हणून जवळचेच उदाहरण देतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि मे २०२४ मध्ये ती उठवली, तीही किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के निर्यात शुल्क लावून. एवढी मोठी बंदी अमलात आणायला सरकारी तिजोरीतून जवळजवळ काहीच खर्च करावे लागले नाही. एक अधिसूचना पुरली. खर्चाच्या रकान्यात तिची नोंद कोठेही दिसणार नाही, पण आपला माल कोणाला विकावा हे ठरवण्याचा शेतकऱ्याचा अधिकार तिने त्या काळापुरता काढून घेतला. माझ्या मते शेतकऱ्याच्या दृष्टीने अशी अधिसूचना कित्येक अनुदानांपेक्षा अधिक निर्णायक असते, आणि केवळ खर्चाच्या टक्केवारीवरून देशांची तुलना करणारे नेमके हेच नजरेआड करतात.

तरीही खर्चाचा मुद्दा गौण समजू नये, कारण खर्च शेवटी करांतूनच भागवावा लागतो. डेन्मार्कमध्ये मूल्यवर्धित कराचा दर २५ टक्के आहे आणि मोठ्या मिळकतीच्या वरच्या हिश्श्यातील निम्म्याहून अधिक रक्कम आयकरात जाते. स्वतःच्या कमाईचे काय करावे हे ठरवण्याचा तेथील माणसाचा वाव त्या प्रमाणात खरोखरच आक्रसतो. त्या बदल्यात मिळणारे शिक्षण आणि आरोग्यसेवा त्याला मोलाची वाटते, ही गोष्ट वेगळी.

आकडे ताडून पाहताना आणखी एक काळजी घ्यावी. भारताच्या केंद्रीय अर्थसंकल्पाचा खर्च जीडीपीच्या सुमारे १५ टक्के असतो. राज्यांचा खर्च मिळवला की (केंद्राने राज्यांना दिलेली रक्कम दोनदा न मोजता) तो २८ ते ३० टक्क्यांच्या आसपास जातो. डेन्मार्कच्या आकड्यात तेथील नगरपालिकांचा प्रचंड खर्च धरलेला असतो, त्यामुळे त्याच्यासमोर आपला केवळ केंद्राचा आकडा ठेवणे अन्यायाचे ठरेल.

सिंगापूरबाबत तर आकडा विशेष फसवा आहे. खर्चाचे प्रमाण अगदी कमी म्हणून त्या देशाचा दाखला नेहमी दिला जातो, परंतु तेथील बहुसंख्य रहिवासी सरकारी मंडळाने बांधलेल्या घरांत राहतात, बहुतेक जमीन सरकारच्या मालकीची आहे, आणि ५५ वर्षांपर्यंतच्या नोकरदाराच्या पगाराच्या २० टक्के व मालकाकडून आणखी १७ टक्के रक्कम, ठरावीक कमाल पगारापर्यंत, मध्यवर्ती भविष्य निर्वाह निधीत सक्तीने जमा होते. ही बचत कर नसल्यामुळे आणि तिच्यातून निवृत्तीनंतर मिळणारे पैसे सरकारी खर्च म्हणून मोजले जात नसल्यामुळे, डेन्मार्कच्या निवृत्तिवेतनावरील खर्चाशी सिंगापूरची तुलना करताना ती वेगळी मिळवून पाहावी लागते.