जांभळाचा रंग आणि रासबेरीची पावडर

प्रश्न : आईचं मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालंय, केमो चालू आहे. भावाने परदेशातून काळ्या रासबेरीची पावडर पाठवलीय. तिच्यात कर्करोग रोखणारं द्रव्य असतं म्हणे. ते फळात शोधतात कसं? आपल्या जांभळांत नसतं का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : ताई, जांभळं कुस्करून पाण्यात कालवा, गाळा आणि दोन वाट्यांत ओता. एकीत लिंबू पिळा, दुसरीत चिमूटभर खायचा सोडा टाका. पहिली लालबुंद होईल, दुसरी निळी-हिरवी. हे अँथोसायनिन, म्हणजे जांभळाला रंग देणारं द्रव्य. नाशिकच्या कॉलेजात शिकवत होतो तेव्हा कॉलेज रोडवरून पावशेर जांभळं नेऊन दर जूनला मी हेच दाखवायचो. मुलं बाकांवरून उठून पुढे यायची.

प्रयोगशाळेत फळ गोठवून वाळवतात, कारण उष्णतेने हा रंग नासतो. किंचित आम्ल घातलेल्या मिथेनॉल या द्रावकात तो उतरवतात आणि एचपीएलसी या, मिश्रणातली द्रव्यं वेगळी करणाऱ्या यंत्राच्या वीतभर नळीतून दाबाने सोडतात. नळीत बारीक कण ठासलेले असतात. त्यांना कमी चिकटणारं द्रव्य आधी बाहेर पडतं, जास्त चिकटणारं मागाहून. ५२० नॅनोमीटरच्या प्रकाशात अँथोसायनिन टिपलं जातं, मास स्पेक्ट्रोमीटर रेणूच्या वजनावरून ओळख पटवतो. काळ्या रासबेरीत सायनिडिन जातीचं अँथोसायनिन मिळतं, शिवाय एलॅजिक आम्ल हे वेगळं द्रव्य. जांभळात डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन, माल्व्हिडिन या जातींची. अँथोसायनिनचं कूळ एकच, भावंडं वेगळी.

पण नाव कळलं म्हणजे गुण कळला असं नाही. अर्काचे भाग पाडून एकेक भाग पेशींवर, मग प्राण्यांवर तपासावा लागतो. ओहायो स्टेट विद्यापीठात गॅरी स्टोनर यांच्या गटाने उंदरांच्या खाद्यात ५ ते १० टक्के रासबेरी पावडर मिसळली, तेव्हा अन्ननलिकेतल्या गाठी कमी झाल्या. खाद्याचा विसावा ते दहावा हिस्सा, ताई! चमचाभर पावडरीचा हिशेब याच्याशी जुळत नाही. शिवाय खाल्लेल्या अँथोसायनिनचा फार थोडा भाग रक्तात पोचतो. आतड्याच्या अस्तराला मात्र ते थेट लागतं, म्हणून संशोधकांचा डोळा अन्ननलिका आणि आतड्यावर आहे.

भावाची माया मला समजते. तरी केमो चालू असताना डबा उघडण्याआधी आईच्या डॉक्टरांना दाखवा, घटकांची चिठ्ठीही सोबत न्या. ऑपरेशननंतर साल-बियांचं फळ कधी द्यायचं, तेही विचारून घ्या. त्यांनी हो म्हटलं, तर पेठ-हरसूलकडच्या बायका पाटीत आणतात ती पिकलेली जांभळं आईला द्या, सालीसकट. रंग सालीतच जास्त असतो.