ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात एअर प्लांट

ताई, एअर प्लांट नुसत्या हवेवर जगतं, या समजुतीवर विसंबू नका. टिलँडसिया, म्हणजे हेच एअर प्लांट, अननसाच्या कुळातली, मूळची अमेरिका खंडातली. मुळांनी ती फक्त आधार धरते. पाणी पितात ते पानांवरचे बारीक खवले. पान जितकं रुपेरी, तितकी ती कोरडी हवा जास्त सोसते.

आपल्याकडे मे महिन्यात लू सुटली की फवाऱ्यानं भागत नाही. आठवड्यातून दोनदा अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा. आणि सकाळीच, कारण तिची पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची श्वास घेण्याची बारीक छिद्रं, रात्री उघडतात. तेव्हा पान ओलं असलं तर तिचा श्वास कोंडतो. बोअरचं जड पाणी टाळा, क्षार बसतात. पावसाचं साठवलेलं उत्तम.

मग उलटी धरून झटका आणि चार तासांच्या आत पूर्ण वाळू द्या. याबाबतीत हयगय नकोच, गाभ्यात पाणी साचून कुजलेलं रोप वाचत नाही. कुलरच्या खोलीतली दमट हवा तिला एरवी मानवते, पण वाळवायला तिथे ठेवू नका.

फुलल्यावर मूळ रोप हळूहळू संपतं, घाबरू नका. बुडाशी पिल्लं येतात. आईच्या एक तृतीयांश झाली की वेगळी करा.