वाड्यातली बग्गी बांधली कोणी?

प्रश्न : आमच्या वाड्याच्या पडवीत टपाची चारचाकी बग्गी कित्येक वर्षं नुसती उभी आहे. संस्थान विलीन झाल्यावर आजेसासऱ्यांनी ती लिलावात घेतली, असं घरात सांगतात. चाकांच्या पितळी टोप्यांवर इंग्रजीत ‘कॉलिंजेस पेटंट’ असं कोरलंय. पायरीच्या खालच्या अंगाला ‘आरडी नंबर’ आणि पुढे सहा आकडे आहेत. पहिले दोन, २ आणि ७, वाचता येतात, बाकीचे झिजलेत. एक व्यापारी येऊन म्हणाला, ‘ही लंडनच्या कॉलिंज कंपनीची गाडी आहे, दुबईच्या एका हॉटेलासाठी घेतो.’ बग्गी खरंच कॉलिंजची आहे का? आणि विकण्याआधी रंगवून घ्यावी का?
– एक वाचक, वाई

उत्तर : ताई, कॉलिंज हे गाडी बांधणाऱ्याचं नाव नव्हे, आसाचं आहे. लंडनच्या लॅम्बेथ भागात जॉन कॉलिंज नावाचा कारागीर होता. तेल आतच साठवून ठेवणारा आस त्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस काढला. तेव्हा पेटंट चौदा वर्षं चाले. ती मुदत सरली आणि तसा आस जो तो बनवू लागला. नाव मात्र कोणी सोडलं नाही, कारण ‘कॉलिंज’ म्हटलं की गिऱ्हाइकाला माल चांगला वाटे. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या भारी गाड्यांवर हे नाव सर्रास सापडतं. व्यापाऱ्याला एवढंही ठाऊक नसेल, असं मला तरी वाटत नाही.

टोपीपेक्षा तुमची पायरी जास्त बोलते. ‘आरडी’ म्हणजे ‘रजिस्टर्ड’, नोंदलेला. इंग्लंडमध्ये वस्तूच्या घाटाची सरकारी नोंद करून ओळीने नंबर द्यायची पद्धत १८८४ साली सुरू झाली. १८९० उजाडलं तेव्हा नंबर एक लाख एकेचाळीस हजारांवर होता आणि १९०० च्या आरंभी साडेतीन लाखांवर. २७ पासून सुरू होणारा सहा आकडी नंबर १८९६ सालात बसतो. म्हणजे त्या पायरीचा घाट तेव्हा नोंदला गेला. पायरी मागाहून बसवलेली नसेल, तर बग्गी त्याआधीची असूच शकत नाही, नंतरची खुशाल असेल. झिजलेल्या आकड्यांवर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी घासून बघा. बोटाला न लागणारा आकडाही कधी कधी उमटतो.

आता बांधणाऱ्याकडे वळू. आधी बैठकीची गादी काढा आणि खालचं लाकूड बघा. सांगाडा सागाचा किंवा शिसवीचा निघाला, तर गाडी बहुधा इथेच बांधलेली. फिकट, लांब सरळ रेघांचं ॲशचं लाकूड असेल, तर विलायतेहून आलेली. चाकांवर मात्र विसंबू नका. आरे आणि पाटे, म्हणजे घेराचे तुकडे, मोडले की आपले सुतार बाभळीचे घालत, आणि तुमच्या बग्गीची चाकं तशी बदललेली असण्याचा संभव दांडगा आहे. टोप्यासुद्धा एका गाडीच्या दुसरीला चढतात. चारही टोप्यांवरची अक्षरं एकाच वळणाची आहेत का, ते ताडून बघा. बत्त्यांवर नाव सापडलं तर हुरळून जाऊ नका, ते बत्तीवाल्याचं. कमानींवरचा, म्हणजे स्प्रिंगांवरचा, छाप कमानवाल्याचा. हा सगळा माल तयार विकत मिळे आणि गाडीवाला तो आणून जोडी.

एक टोपी उघडावीच लागेल. तिला आटे असतात. तेल सोडून दोन दिवस थांबा. पाइप पान्याने धरू नका, कडा खाल्ल्या जातात आणि अक्षरंही जातात. आत दोन नट दिसतील, एकाचे आटे सुलटे, दुसऱ्याचे उलटे, शिवाय वर खीळ. चाक फिरताना आपोआप सुटू नये म्हणून ही सगळी तजवीज. त्यामुळे नट फिरेना तर जोर लावण्याआधी दिशा बदलून बघा. आसाखाली लाकडी ठोकळे द्या, चाक दोघांनी मिळून ओढा आणि आसाचा मागचा, कॉलरजवळचा भाग रॉकेलच्या फडक्याने पुसा. कारखान्याचा कामाचा नंबर बऱ्याचदा तिथे ठोकलेला असतो.

बांधणाऱ्याचं नाव मिळालं तर ते कुठलं असेल? मद्रासची सिम्पसन कंपनी १८४० पासून घोडागाड्या बांधत होती. तुमच्याकडे कोणाचा मॅसी ट्रॅक्टर असेल, तर इंजिनावर तेच नाव वाचायला मिळेल. धंदा बदलला, नाव टिकलं. कलकत्त्याला स्टुअर्ट आणि डाइक्स होत्या. लंडनची लाँग एकर ही तर गाडीवाल्यांचीच पेठ, त्यामुळे तिथला पत्ता पाटीवर दिसला तर नवल नाही. मुंबईचा पत्ता असेल, तर तो नुसत्या विकणाऱ्याचाही असू शकतो. तो गाड्या बांधत होता का, हे थॅकरच्या जुन्या डिरेक्टरीत धंदेवार यादीत बघता येतं. आणि आजेसासऱ्यांचं दप्तर चाळा. लिलावाची पावती मिळाली, तर संस्थानाचं नाव कळेल आणि पुढचा शोध पुराभिलेखागारातल्या त्या संस्थानाच्या कागदांत घेता येईल. दख्खनची बहुतेक संस्थानं विलीन झाली १९४८ साली, कोल्हापूर १९४९ साली, तेव्हा त्या सुमाराच्या वह्या आधी काढा.

रंग? अजिबात नको. जुन्या रंगाच्या थराखाली संस्थानाची मुद्रा किंवा मालकाची आद्याक्षरं दडलेली असू शकतात. पॉलिश पेपर फिरला की ती गेलीच. धूळ झटका, वाळवी बघा, टपाचं चामडं दुमडून ठेवू नका. एवढं पुरे.

राहिला दुबईचा सौदा. शंभर वर्षांवरची अशी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. तुमची बग्गी १८९६ च्या आसपासची ठरली, तर ती या कायद्यात सरळ बसते. व्यापाऱ्याला आधी हेच विचारा आणि तोवर त्याच्याकडून बयाणा घेऊ नका.